डोक्याला मार आणि रक्त पातळ करणारी गोळी

डोक्याला मार लागून उत्तर कॅलिफोर्नियातल्या सहा रुग्णालयांत आलेल्या हजारावर रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे रक्ताची गुठळी रोखणारी औषधं घेणारे. बहुतेक जण उभ्याउभ्या किंवा चालताना पडलेले, शुद्धीवर, नीट बोलणारे. तरीही वॉरफरिन घेणाऱ्यांपैकी ५.१ टक्के आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांपैकी १२ टक्के जणांच्या कवटीच्या आत रक्तस्राव सापडला.

तो नजरेतून सुटतो कसा? म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्यापासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या हिसक्यानेही एखादी फुटते. एरवी तिथलं रक्त गोठून वाहणं थांबलं असतं. औषधामुळे ते झिरपत राहतं. आकसलेल्या मेंदूभोवती मोकळी जागा असल्याने सुरुवातीला दाब जाणवतच नाही. माणूस स्वतः चालत दवाखान्यात येतो आणि टेंगळावर मलम घेऊन घरी जातो.

सीटी स्कॅन कुणाचा करावा, हे ठरवणारा कॅनडातला प्रसिद्ध नियम २००१ चा. तो तयार करताना वॉरफरिनसारखी औषधं घेणारे रुग्ण वगळलेले होते, त्यामुळे त्या निकषांवर त्यांना निर्धोक ठरवणं चूकच. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२३ च्या सूचनांनुसार अशा रुग्णाला दुसरं काही लक्षण नसलं तरी ८ तासांत सीटीचा विचार करावा.

पहिला स्कॅन स्वच्छ आला की बहुतेकांचा धोका टळतो. कॅलिफोर्नियात वॉरफरिनवाल्यांपैकी ०.६ टक्के जणांनाच नंतर रक्तस्राव झाला.

सर्वांत फसवा असतो तो हळूहळू साचणारा रक्तस्राव. काही आठवड्यांनी आजोबा झोपाळू होतात, पाय ओढत चालतात, नावं विसरतात. 'आता वय झालं,' असं घरचे म्हणतात. ते पडले होते हे कुणाच्या ध्यानातही नसतं. जीव हळहळतो, कारण कवटीला छोटं छिद्र पाडून हे रक्त काढता येतं आणि त्यानंतर कित्येक जण पुन्हा हिंडूफिरू लागतात.

औषधाचं नावही कळायला हवं. वॉरफरिन किंवा असिनोकुमॅरॉलचा परिणाम उतरवायला के जीवनसत्त्व आणि रक्त गोठवणारे घटक देतात. डॅबिगॅट्रानचा उतारा वेगळा. 'हृदयाची गोळी चालू आहे' एवढ्यावर डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाहीत.

भीतीपोटी ही गोळी परस्पर बंद करू नका. त्याने गुठळी होऊन लकवा येऊ शकतो. पडल्यावर मात्र टेंगूळ दाखवण्याआधी गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवा, शेवटची गोळी केव्हा घेतली ते सांगा. घरी आल्यावर डोकेदुखी वाढली, उलटी झाली किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न पाहता पुन्हा रुग्णालय गाठा.