सुळ्यांआधी पंजे

लांब, अणकुचीदार सुळा भोसकण्यासाठी सर्वोत्तम, हा निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये बातम्यांत झळकला. ब्रिस्टल विद्यापीठातल्या टालिया पोलॉक आणि सहकाऱ्यांनी ९५ मांसाहारी सस्तन प्राण्यांचे सुळे अभ्यासले. त्यांत २५ जाती सेबरटूथ, म्हणजे तलवारीसारखे सुळे असलेल्या नामशेष प्राण्यांच्या होत्या. मग थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेले पोलादी दात त्यांनी मांसाइतक्या मऊ जिलेटिनमध्ये रुतवले आणि किती जोर लागतो ते मोजलं. सेबरटूथचा सुळा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. मात्र असा सुळा मोडण्याची भीतीही जास्त.

प्रयोग देखणा आहे, पण जिलेटिन धडपडत नाही.

स्मायलोडॉन या सेबरटूथ मार्जाराची गाठ बायसनसारख्या दांडग्या जनावरांशी होती. त्याचा सुळा साधारण १८ सेंटिमीटर लांब, बाजूंनी चपटा. भक्ष्याने मानेला आडवा हिसका दिला की संपलंच. शिवाय जबड्याचा जोर बेताचा: २००७ मधल्या संगणकीय अभ्यासानुसार सिंहाच्या चाव्याच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणूनच १९८५ मध्ये विल्यम अकर्स्टन यांनी मानेच्या स्नायूंकडे बोट दाखवलं. खालचा जबडा टेकवायचा आणि डोकं खाली ओढून सुळे घुसवायचे, अशी त्यांची मांडणी. हा चावा पोटावर बसत असावा, असं त्यांना वाटे. पण पोट रुंद आणि ताणलेलं, ते जबड्यात यायचं कसं? शिवाय मागच्या पायांच्या लाथा आहेतच. आज अनेक संशोधकांचा कल गळ्याकडे आहे आणि तोच अधिक पटतो.

पण गळा गाठायचा, तर आधी जनावर जमिनीवर दाबून धरायला हवं. पुढच्या पायांची हाडं तेच सांगतात: स्मायलोडॉनच्या दंडाच्या हाडाची भिंत आजच्या मोठ्या मार्जारांपेक्षा जाड आहे. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ इथल्या डांबराच्या खड्ड्यांतून दोन हजारांहून अधिक स्मायलोडॉनचे अवशेष निघाले. २०१७ मध्ये त्यांच्या दुखापतींचा नकाशा मांडला गेला, तेव्हा सर्वाधिक इजा खांद्यांना आणि कंबरेला झालेल्या दिसल्या. झोंबाझोंबी करणाऱ्या शिकाऱ्याच्याच या खुणा.

सगळ्या सेबरटूथना हाच नियम लावता येणार नाही. २०२० मध्ये याकुतियाच्या गोठलेल्या जमिनीत ज्याचं केसाळ पिल्लू सापडलं, त्या होमोथेरियमचे सुळे आखूड, करवतीच्या काठांचे आणि पाय लांब. त्याची शिकारीची तऱ्हा वेगळीच असणार. स्मायलोडॉनपुरता निवाडा मात्र स्पष्ट आहे: शिकार पकडायचे ते पंजे, सुळे फक्त शेवट करायचे.