गाडग्यातलं दही आणि हनुवटीवरचा ठोसा

‘बॉक्सिंगमध्ये शेवटी जिंकतं कोण, कसब की ताकद?’ असा प्रश्न एका वाचकाने पाठवला आहे. सोबत त्यांनी एक दावाही जोडला आहे : फ्रान्सिस एन्गानू या हेवीवेट लढवय्याचा ठोसा म्हणजे भरधाव सुटलेल्या फोर्ड एस्कॉर्ट मोटारीची धडक, हे खरं का? मूळ प्रश्न फार जुना आणि फार सुंदर आहे. पण आधी त्या मोटारीचा समाचार घेऊ द्या, नाहीतर मला चैन पडायचं नाही.

हा दावा २०१७ सालचा. लास व्हेगासमध्ये एन्गानूने एका यंत्रावर ठोसा मारला आणि आकडा आला १,२९,१६१. हे न्यूटन नव्हेत आणि ज्यूलही नव्हेत. ते यंत्र बनवणाऱ्यांचं स्वतःचं एकक आहे. पुढे प्रसिद्धीवाल्यांनी त्याचे ९६ अश्वशक्ती केले आणि अश्वशक्तीतून मोटार बाहेर काढली. साधा हिशेब करू. एक टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरने येत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ३,८६,००० ज्यूल होते. हेवीवेट बॉक्सरच्या चांगल्या ठोशाची ऊर्जा काही शे ज्यूल असते. मधलं अंतर हजारपटीहून अधिक. अशी मोटार हनुवटीवर आली तर दहा आकडे मोजायला पंच लागणार नाही, थेट पंचनामाच करावा लागेल.

एन्गानूचा ठोसा खोटा आहे असं मात्र नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधला त्याने टायसन फ्युरीसारख्या ब्रिटिश महाकायाला तिसऱ्या फेरीत खाली पाडलं. तरी लढत फ्युरीने गुणांवर जिंकली. मार्च २०२४ मध्ये वॉटफर्डच्या अँथनी जोशुआने एन्गानूला दुसऱ्याच फेरीत झोपवलं. मोटार काही उपयोगी पडली नाही.

ठोसा नीट, प्रामाणिकपणे मोजायचा कसा, हे पाहायचं तर इंग्लंडमधल्या लफबरोला जावं लागतं. १९८५ मध्ये तिथल्या संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेटला त्याच्याच व्यायामशाळेत गाठलं आणि एका टांगलेल्या, गादी लावलेल्या वजनावर ठोसे मारायला लावले. निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. आघाताच्या क्षणी मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर. कमाल बल ४,०९६ न्यूटन, म्हणजे क्षणभर चार क्विंटलहून थोडा जास्त भार. हे टोक गाठायला लागलेला वेळ सेकंदाचे चौदा सहस्रांश. त्यांनी तुलनेला मोटार घेतली नाही. सहा किलोचा, गादी गुंडाळलेला लाकडी हातोडा ताशी वीस मैलांनी फिरवला तर जेवढा बसेल, तेवढा हा ठोसा, असं त्यांनी लिहिलं. हातोड्याची ऊर्जा काढून पाहा, २४० ज्यूलच्या आसपास येते. मला हा हातोडा फार आवडतो, कारण तो डोळ्यासमोर उभा राहतो आणि हिशेबातही चुकत नाही.

टांगलेलं वजन मार बसल्यावर किती झोका घेतं यावरून आघात मोजायची ही युक्ती बेंजामिन रॉबिन्सची. बाथमध्ये क्वेकर, म्हणजे शस्त्र हाती न धरणाऱ्या पंथाच्या घरात जन्मलेल्या या गणितज्ञाने १७४२ च्या तोफशास्त्रावरच्या ग्रंथात बंदुकीच्या गोळीचा वेग या लंबकाने मोजून दाखवला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता होऊन आपल्याकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. ब्रुनोच्या ठोशाचा पणजोबा असा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर निजला आहे.

लफबरोच्या त्या निबंधातल्या आणखी एका आकड्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ब्रुनोची मूठ निघाल्यापासून एक दशांश सेकंदाच्या आत जवळजवळ अर्धा मीटर पुढे आली होती. एक दशांश सेकंद! डोळ्याने पाहून हालचाल बदलायला माणसाला साधारण त्याच्या दुप्पट वेळ लागतो. मग कुणीही कुणाचाही ठोसा चुकवतो तरी कसा?

याचं उत्तर क्रिकेटमध्ये सापडतं. ऑक्सफर्डच्या पीटर मॅक्लाउड यांनी मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या लपवून अशी खेळपट्टी तयार केली, की चेंडू टप्पा पडल्यावर कुठे वळेल ते कुणालाच कळू नये. १९८७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की व्यावसायिक फलंदाजालासुद्धा वळलेला चेंडू दिसल्यावर बॅट हलवायला सुमारे दोन दशांश सेकंद लागतात, म्हणजे तुमच्या-आमच्याइतकेच. मोठ्या खेळाडूची नजर झटपट नसते, ती लवकर सुरू होते. गोलंदाजाचं मनगट पाहून फलंदाज चेंडू ओळखतो, तसा बॉक्सर मूठ पाहत बसत नाही. खांदा किंचित उतरला, मागच्या पायावरचा भार हलला, कमर वळायला लागली, एवढ्यावरून तो पुढचं वाचतो. मूठ निघते तेव्हा त्याचं डोकं निघालेलं असतं. कसब म्हणतात ते हे.

आणि ताकद? तिथेही गंमतच आहे. चिचेस्टरमधल्या संशोधकांनी २००० साली नवखे, मधले आणि अव्वल असे तीन गटांतले बॉक्सर मोजले. मागच्या हाताचा ठोसा नवख्यांचा सरासरी २,३८१ न्यूटन, अव्वल बॉक्सरांचा ४,८००. दुप्पट! दंडाचा घेर काही दुप्पट नसतो. फरक पडतो तो जमिनीपासून. टाच जमीन ढकलते, नितंब वळतात, खांदा फिरतो आणि दंड त्यात शेवटी सामील होतो. पोतराजाचा आसूड आठवा. हात सावकाश फिरतो आणि टोक कडाडतं. नवखा बॉक्सर नुसत्या दंडाने मारतो, जाणकार पायाने मारतो. म्हणजे जिला आपण ‘ताकद’ म्हणून कसबाच्या समोर उभं करतो, तिचा निम्मा भाग कसबच आहे. आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे सांगायला गेलात तर ते हसतील. ते पोराला डाव शिकवण्याआधी पाय रोवायला शिकवतात.

आता माझ्या लाडक्या माणसाकडे येतो. बॉक्सिंगच्या इतिहासात त्याचं नाव तुम्हाला सापडणार नाही. ए. एच. एस. होलबॉर्न, ऑक्सफर्डचा भौतिकशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो तिथल्या शस्त्रक्रिया विभागात, ह्यू केर्न्स या मेंदूच्या सर्जनच्या हाताखाली काम करत होता. १९३५ मध्ये मोटरसायकल अपघातानंतर लॉरेन्स ऑफ अरेबियावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते, आणि तेव्हापासून त्यांना हेल्मेटचा ध्यास लागला होता. होलबॉर्नने एक सरळ प्रश्न विचारला : डोक्याला मार बसला की आतल्या मेंदूला नेमकं काय होतं?

त्याचं उत्तर गाडग्यातल्या दह्याने समजतं. घट्ट विरजलेलं दही काठोकाठ भरून, वर घट्ट दादरा बांधून गाडगं सरळ पुढे सरकवा. दही मोडत नाही, कारण ते पाण्यासारखंच जवळजवळ दाबलं न जाणारं आहे आणि त्याला जायला जागा नाही. आता तेच गाडगं झटकन गर्रकन फिरवा. भिंत फिरते, दही मागे राहतं, कडेने सुटतं आणि आत चिरा पडतात. मेंदू असाच आहे. दाबाला खंबीर, पण पिळाला फार नाजूक. होलबॉर्नने मेंदूच्या छेदाच्या आकाराचं जिलेटिन मेणाच्या कवटीत बसवलं, ते झटक्याने फिरवलं आणि ध्रुवित प्रकाशात कुठे किती ताण येतो ते पाहिलं. १९४३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याने लिहिलं, की इजा प्रामुख्याने डोकं फिरण्याने होते. इतक्या साध्या साहित्यातून इतकं खोल काही काढणारे शास्त्रज्ञ थोडे.

हनुवटी का, हेही यातच आलं. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलता हलत नाही, कडीजवळ बोट लावलं तरी फिरतं. हनुवटी ही डोक्याची कडी आहे. कपाळावर सरळ बसलेला चार क्विंटलांचा ठोसा माणूस एखाद वेळी पचवतो, आणि हनुवटीच्या टोकाला बाजूने लागलेला त्याहून हलका ठोसा त्याला आडवा करतो. यंत्रावरचा आकडा हे सांगतच नाही. यंत्राला मान नसते.

मान असली तरी ती ताठ असायला हवी. येणारा ठोसा दिसला की मानेचे स्नायू आवळले जातात आणि डोक्यामागे धडाचंही वजन उभं राहतं. न दिसलेल्या ठोशापुढे एकटं डोकं, फार तर पाच किलोचं.

हे सगळं एका रात्री एकत्र आलं, २४ नोव्हेंबर १९९० ला. हेरॉल ग्रॅहॅम हा शेफिल्डच्या विंकोबँकमधल्या ब्रेंडन इंगलच्या व्यायामशाळेत घडलेला डावखुरा मिडलवेट. इंगलने जमिनीवर रेघा आखल्या होत्या आणि पोरं आधी त्या रेघांवर पाय टाकायला शिकत. ग्रॅहॅम शेफिल्डच्या क्लबांत हात पाठीमागे बांधून उभा राहायचा आणि ‘लागतोय का बघा’ म्हणून लोकांना बोलवायचा, असं सांगतात. कुणाला तो लागत नसे. समोर व्हर्जिन आयलंड्सचा ज्युलियन जॅक्सन, ज्याने कारकिर्दीतल्या ५५ विजयांपैकी ४९ नॉकआउटने मिळवले. जॅक्सनच्या सुटलेल्या नेत्रपटलावर शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून ब्रिटनमध्ये त्याला परवाना मिळेना आणि लढत स्पेनच्या किनाऱ्यावर बेनालमाडेनाला झाली.

तीन फेऱ्या ग्रॅहॅमने त्याला अक्षरशः नाचवलं. जॅक्सनचा डोळा सुजून मिटत आला होता आणि चौथी फेरी ही त्याची शेवटची संधी होती. ग्रॅहॅम शेवट करायला पुढे सरसावला, आणि जॅक्सनचा उजवा हात एकदाच निघाला. ग्रॅहॅमची शुद्ध कॅनव्हासवर पोचण्याआधीच गेली होती.

पुढे येणाऱ्या डोक्याचा वेग मुठीच्या वेगात मिळवावा लागतो. ब्रुनोच्या ८.९ मध्ये दोन मीटर मिळवा, वर्ग करा, तर आघाताची ऊर्जा दीडपट होते. ग्रॅहॅम मारण्याच्या नादात होता, त्यामुळे वाचणारी नजर त्या क्षणी दुसऱ्या कामाला लागली होती. मान सैल, हनुवटी उघडी. जॅक्सनने जेवढा मारला, त्यात ग्रॅहॅमने स्वतःचा वाटा घातला.

‘नशीब’ म्हणून हे सोडून देणाऱ्यांसाठी एक छोटा हिशेब. समजा, एखादा कसबी बॉक्सर इतका चांगला आहे, की एका फेरीत तो घातक ठोसा त्याला बसण्याची शक्यता फक्त पाच टक्के आहे. चार फेऱ्यांत ती साडेअठरा टक्के होते. बारा फेऱ्यांत ४६, आणि जुन्या पंधरा फेऱ्यांच्या लढतीत निम्म्याच्या पुढे. प्रत्यक्षात दमलेला हात हळू पडतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल. दमलेले पायही हळू पडतात, त्यामुळे तो पुन्हा वर जाईल. कसबाला प्रत्येक सेकंदाला बरोबर असावं लागतं, ठोशाला एकदाच.

तेव्हा वाचकमित्रा, माझं मत विचारत असाल तर दर फेरीला मी कसबावर पैसे लावीन आणि सबंध लढतीवर लावताना दोनदा विचार करीन. लफबरोने ज्याचा ठोसा मोजला तो ब्रुनो पाहा. चाळीस विजय, त्यांतले अडतीस नॉकआउट. जागतिक किताबासाठीच्या पहिल्या तीन झुंजी तो हरला. चौथी त्याने सप्टेंबर १९९५ मध्ये वेम्बलीवर ऑलिव्हर मॅकॉलविरुद्ध जिंकली, बारा फेऱ्या खेळून, गुणांवर. हेरॉल ग्रॅहॅमही जागतिक किताबासाठी तीनदा लढला. त्याला तो एकदाही मिळाला नाही.