शमी आणि वेडी बाभूळ

रास अल खैमाच्या रस्त्यावर गाडी थांबली ती नातीच्या हट्टामुळे. तिला शाळेत 'गाफ' या झाडावर प्रकल्प करायचा होता. गाफ म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचं राष्ट्रीय झाड. 2019 हे वर्ष इथे सहिष्णुतेचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा बोधचिन्हावर हेच झाड होतं. मी फांदी खाली ओढली, पानं पाहिली, काटा चाचपला आणि हसूच आलं.

"अगं, ही तर आपली शमी! अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं लपवली ती हिच्याच ढोलीत."

"आणि आबा, ते पलीकडचं? तेही गाफच ना?"

"छे! ती वेडी बाभूळ. शमीची चुलत बहीण म्हण. मूळची अमेरिकेची. वाळवंट हिरवं करायला म्हणून आणली आणि मग मोकाट सुटली. लांबून दोघी सारख्याच दिसतात. नवखा माळी असला तर गाफ समजून हिलाच पाणी घालत बसेल."

नात दोन्ही झाडांचे फोटो काढत होती. गाडीत माझी लेक सीट मागे टाकून, पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून पडली होती. डोंगरावरची सहल तिनेच ठरवलेली, पण पाळीने तारीख चुकवली. नात माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "आबा, आईला एंडोमेट्रिओसिस आहे. पण म्हणजे आत नक्की काय होतं?"

आता खरं सांगतो. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पुनरुत्पादनाचा धडा आला की 'घरी वाचून या' म्हणायचो आणि पुढच्या धड्याकडे वळायचो. लेक नववीत असल्यापासून दर महिन्याला दोन दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडायची. घरात सगळे म्हणायचे, लग्न झालं की थांबेल. मीही म्हणालो असेन. इथे आल्यावर, पस्तिशी उलटल्यावर, दुर्बिणीच्या ऑपरेशनात काय ते कळलं. तेव्हा आता धडा गाळण्याची सोय नव्हती. शमीच्या सावलीत चादर पसरली आणि सुरुवात केली.

"गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असतं. दर महिन्याला पाहुण्याची वाट बघत ते अंथरलं जातं. पाहुणा आला नाही की गुंडाळून बाहेर टाकलं जातं. ती पाळी."

"सगळ्या प्राण्यांना येते?"

"नाही गं, तीच तर गंमत! गाईला नाही, शेळीला नाही. माणूस, वानरं, काही माकडं, काही वटवाघळं अशी मोजकीच मंडळी. आणि एक काटेरी उंदीर. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात 2016च्या सुमारास लक्षात आलं की कैरोच्या काटेरी उंदराच्या मादीला सुमारे नऊ दिवसांनी पाळी येते. त्याचा अगदी जवळचा भाऊबंद समोरच्या हजर पर्वतातल्या दगडांत राहतो. रात्री निघतो, म्हणून आपल्याला दिसत नाही."

नातीने डोंगराकडे असं पाहिलं, जणू उंदीर आत्ताच हात हलवणार होता.

"तर हे अस्तर सगळंच खाली जात नाही. थोडं उलटं, गर्भाशयाच्या नळ्यांमधून वर सरकतं आणि पोटाच्या पोकळीत पडतं. जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1927 मध्ये म्हटलं की तिथेच ते रुजतं, आणि तोच हा आजार. पण 1984 मध्ये पाळीच्या दिवसांत पोटातलं पाणी तपासलं, तर नळ्या मोकळ्या असलेल्या दहांतल्या नऊ बायकांत रक्त सापडलं. आजार मात्र दहांत एकीलाच होतो. जगभरात धरल्या तर सुमारे 19 कोटी."

"मग बाकीच्यांच्या पोटातलं कुठे जातं?"

मला हवा तोच प्रश्न. वर्गात असा प्रश्न आला की मी खडू खाली ठेवायचो.

"त्यासाठी सिसिलीला जायला हवं. 1882 साल. मेसिना गावात मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ. घरची सगळी सर्कशीतली वानरं बघायला गेलेली, हे एकटे घरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. समोर तारामाशाची अळी, काचेसारखी पारदर्शक. यांच्या मनात आलं, हिला काटा टोचला तर? बागेतून गुलाबाचे काटे आणले, टोचले, आणि रात्रभर झोप नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा. परक्याला गिळायला धावून आलेल्या! 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा पेशी तुझ्यामाझ्यातही आहेत. त्यांतल्या मोठ्या, खादाड पेशींना म्हणतात मॅक्रोफेज, महाभक्षी. पोटात उलटं आलेलं अस्तर साफ करणं त्यांचंच काम."

"म्हणजे आईच्या पोटात त्या कमी आहेत?"

"उलट! या आजारात पोटाच्या पाण्यात त्या जास्त सापडतात."

नात गप्प झाली. मीही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. पोलीस वाढले आणि चोऱ्याही वाढल्या, असा प्रकार.

"महाभक्षी नुसता झाडूवाला नाही, बाळा. तो गवंडीही आहे आणि माळीही. तुझा गुडघा फुटतो तेव्हा आधी तो घाण उचलतो, मग बांधकाम काढतो. नव्या रक्तवाहिन्या बोलावतो, जखम भरून आणतो. पोटात रुजलेल्या अस्तरालाही महिन्याच्या महिन्याला रक्त येतं. महाभक्षीला वाटतं, इथे जखम झालीय, चला दुरुस्तीला. शिवाय ते अस्तर परकं नाही, काट्यासारखं उपरं नाही, आपल्याच शरीरातलं. मग तो तिथे रक्ताच्या नळ्या ओढतो. रस्त्याकडेच्या झाडांना काळ्या ठिबकच्या नळ्या घातल्यात ना, अगदी तशा."

"शमी समजून वेडी बाभूळ," नात म्हणाली.

हे तिचं तिला सुचलं. मी फक्त दोन झाडं दाखवली होती.

"आणखीही पेशी आहेत. नैसर्गिक मारेकरी पेशी म्हणून एक जात आहे, बिघडलेल्या पेशींना सरळ संपवणारी. या आजारात त्यांची धार बोथट झालेली आढळते. पोटातल्या पाण्यातलीच काही द्रव्यं त्यांना थोपवून धरतात. म्हणजे बघ, हातात शस्त्रं आहेत, पण ठेवलीत शमीच्या ढोलीत."

गाडीची काच खाली झाली. "आबा, का दुखतं ते सांगितलंत का तिला?" लेक सगळं ऐकत होती तर!

"सांगतो. महाभक्षी तांबड्या पेशी गिळतात, त्यांतलं लोह साठतं, गंजासारखं. ऑपरेशनात ते तपकिरी, काळे डाग डॉक्टरांना दिसतात. महाभक्षींनी सोडलेल्या द्रव्यांनी सूज चढते, आणि त्यांतली काही द्रव्यं मज्जातंतूंनाही वाढायला लावतात. म्हणजे माळ्याने झाडाला पाणी दिलंच, वर विजेची तारही जोडून दिली. तुझ्या आईचं दुखणं मनाचं नाही, तिथे खरोखर तारा आहेत."

लेक काही बोलली नाही. पिशवी फक्त दुसऱ्या कुशीला घेतली.

अबू धाबीच्या खलिफा विद्यापीठातल्या संशोधकांचा यात सहभाग असलेला एक अभ्यास 2021 मध्ये आला, अरब वंशाच्या बायकांचा. त्यात त्रास सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी अकरा वर्षांहून जास्त काळ गेलेला, आणि अविवाहितांच्या बाबतीत त्याहून उशीर. लग्न झालं की थांबेल, हे वाक्य अरबीतही असणार असं मला तेव्हा वाटलं. हे नातीला सांगितलं नाही.

तिला सांगितलं ते दुसरंच. त्याच वर्षी वॉरिक आणि एडिंबरातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. (हे साधे उंदीर. त्यांना पाळी येत नाही, म्हणून अस्तर बाहेरून पोटात सोडावं लागतं.) त्यांना दिसलं की सगळे महाभक्षी एकसारखे वागत नाहीत. जे अस्तराबरोबरच वाहत आले ते गाठ वाढायला हातभार लावतात, आणि रक्तातून नव्याने पोटात येऊन स्थिरावणारे तिला आवर घालतात. त्यामुळे सगळे माळी हाकलून उपयोग नाही. कोणता माळी कुठून आला ते ओळखून त्याला आवरता आलं पाहिजे. तसं औषध अजून हातात नाही. सध्या हार्मोनच्या गोळ्या, वेदनाशामकं आणि गरज पडली तर ऑपरेशन, पण त्यानंतरही ते पुन्हा उगवू शकतं. वेडी बाभूळ वरून तोडली तरी बुंध्याला धुमारे फुटतातच.

पुढे डोंगरावर गेलोच नाही. वाटेत करक चहा घेतला आणि शारजाला परतलो. मंगळवारी लेकीची तपासणी आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न नातीने प्रकल्पाच्याच वहीत, गाफच्या चित्रामागे, लिहून ठेवलेत. पहिला प्रश्न: आईचे माळी कुठून आलेत?