खिशातला चाकू : साधा पोलादी की स्टेनलेस?

बाजारात दुकानदार घडीचे दोन चाकू पुढे ठेवतो. एक साध्या पोलादाचा, दुसरा चकचकीत स्टेनलेसचा. नुसती चमक बघून घेऊ नका.

साधे पोलादी पाते घरच्या दगडावर थोडे घासले की धारेला येते. वैरणीचा बंध, खताच्या पोत्याची सुतळी अशा रोजच्या कामाला तोच बरा. पण ओला तसाच मिटून खिशात टाकला, की गंजलाच म्हणून समजा. पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं, एवढंच.

मग स्टेनलेस कुणी घ्यावा? आटपाडी, जत, माण भागातल्या डाळिंबवाल्यांनी. तेल्या रोगाचे जंतू पात्याला लागून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून प्रत्येक झाडानंतर पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावे लागते. या द्रावणाने साधे पोलाद झपाट्याने गंजते. स्टेनलेस त्या मानाने टिकतो; मात्र काम झाल्यावर तोही स्वच्छ पाण्याने धुवून पुसायचा. धार लावायला वेळ लागतो, कंटाळू नका.

तासगावकडे द्राक्षाची कलमे भरणाऱ्यांनी यातल्या कशावरच भागवू नये. त्यांना एका बाजूनेच धार असलेला कलमाचा चाकू हवा, म्हणजे काप सपाट येतो.

कोणताही घ्या, उघडलेले पाते पक्के राहते का ते बघा. पोत्यात टोक खुपसताना माझ्या चाकूचे पाते मिटले आणि बोटाला तीन टाके पडले. दुकानातच, बोटे धारेपासून लांब ठेवून, पाते पाठीकडून दाबा. सहज मिटायला लागले तर तो चाकू परत ठेवा.