गाणं काही झोपलं नाही!

बाळाला निजवताना आपण म्हणतो, 'गाई गाई कर!' अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात केजन आया हेच फ्रेंचमध्ये म्हणायच्या, 'फे दो दो!' आणि गंमत म्हणजे, तिथे नाचगाण्याच्या जलशालाही 'फे दो दो'च म्हणतात. का बरं? असं सांगतात, की जलशाला सगळं घरदार लोटायचं. पोरांना आतल्या खोलीत निजवून मोठी माणसं बाहेर नाचायची. पण भिंतीपलीकडे फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच!) वाजत असताना पोरं कसली झोपताहेत? ती पडल्या पडल्या ऐकायची.

हे केजन लोक मूळचे आजच्या कॅनडातले, फ्रेंच बोलणारे. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हाकललं. पुष्कळ जण भटकत भटकत लुइझियानात येऊन राहिले. पुढे १९२१ च्या राज्यघटनेनं तिथल्या शाळांत फक्त इंग्रजी आणली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. (मास्तर लोकांनी असं काही केलेलं वाचलं, की मला फार वाईट वाटतं.) मुलांना भाषेची लाज वाटू लागली, मग त्या भाषेतल्या गाण्यांची वाटणारच!

अशा वेळी १९६४ साली ड्यूई बाल्फा न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गेला. तोही ऐन वेळी, दुसऱ्याच्या जागी गिटार वाजवायला! 'हे रडगाणं तिथे कोण ऐकणार?' अशी गावाकडे चेष्टा झाली होती. पण तिथल्या प्रचंड गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. ड्यूईनं ठरवलं, हीच टाळी आता आपल्या घरच्या लोकांकडून घ्यायची. पोटासाठी शाळेची बस चालवणारा हा माणूस पुढे फिडल घेऊन शाळाशाळांतून गेला. ज्या शाळांनी भाषा हिरावली, तिथेच!

मायकेल दूसे या तरुणानं १९७५ च्या सुमारास जुन्या वादकांची दारं ठोठावली. त्यांत होता १८९३ साली जन्मलेला डेनिस मॅकगी. आमेदे आर्डवॅन या काळ्या अकॉर्डियनवादकाबरोबर त्यानं १९२९ मध्ये ध्वनिमुद्रण केलं होतं. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र वाजवणं तेव्हा सोपं नव्हतं बरं का! म्हाताऱ्याकडे वही नव्हती की स्वरलिपी. त्याच्या बोटांकडे पाहायचं, ऐकायचं आणि मागोमाग वाजवायचं. अशा शिक्षणात सूर तर येतातच, पण 'हा इथे जरा थांबतो का?' तेही कळतं. ते कागदावर कुठून सापडणार?

१९७९ मध्ये मोटार अपघातात ड्यूईचे दोन भाऊ गेले. त्याच्याच बरोबर वाजवणारे! तरी तो शिकवत राहिला. स्टीव्ह रायली हा पोरगा त्याच्यासोबत वाजवूनच तयार झाला. १९९२ साली ड्यूई वारला, आणि त्याची मुलगी क्रिस्टीन हिनं 'बाल्फा तूझूर' हा वाद्यवृंद काढला. 'तूझूर' म्हणजे सदैव.

युनिस गावात मार्क सावॉय अकॉर्डियन बनवतो. पेटीसारखाच भाता, पण इथे आत दाबताना एक स्वर आणि बाहेर ओढताना त्याच बटणातून दुसरा! त्याच्या दुकानात शनिवारी सकाळी मैफल भरत आली आहे. जो येईल तो गोलात बसतो. लहानग्यांना आधी पेलते ती 'तीफेर', म्हणजे लोखंडी त्रिकोण. गवत ओढायच्या दाताळ्याचे जुने दाते वाकवून तो करत. वाजवायला सोपा, पण ताल चुकला की सगळ्यांच्या माना तुमच्याकडे!