जंतू एकच, जखम वेगळी

लग्नाला चार-पाच वर्षं होतात, दिवस राहत नाहीत, म्हणून तपासण्या सुरू होतात. एक्स-रेच्या टेबलावर गर्भाशयात डाय सोडतात आणि ती गर्भनलिकांच्या तोंडाशीच अडलेली दिसते. ‘दोन्ही ट्यूब बंद.’ संभाव्य कारणांत क्षयासोबत क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जंतूचं नाव निघतं. हा जंतू लैंगिक संबंधातून पसरतो हे कळलं, की घरातल्या नजरा बदलतात. बाईच्या वागण्याची उलटतपासणी सुरू होते. संसर्ग नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो, हे कुणी बोलत नाही. आणि याच जंतूची लागण होऊनही बहुतेक बायकांच्या नलिका शाबूत राहतात, हे तर फार थोड्यांना ठाऊक असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये क्लॅमिडियाच्या सुमारे 12.9 कोटी नव्या लागणी झाल्या. बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. उपचार झाले नाहीत, तर अंदाजे 10 ते 15 टक्के जणींमध्ये जंतू वर सरकतो आणि ओटीपोटात दाह होतो. मग त्याच जणींना का? लागण किती वेळा झाली, किती काळ अंगात राहिली, यावर बरंच ठरतं. पण काही भाग जन्मतः मिळालेल्या जनुकांचा असतो.

हा जंतू गर्भाशयमुखाच्या अस्तरातल्या पेशींच्या आत राहतो. शरीराला सुगावा लागला, की टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. तो इशारा मिळताच अस्तराची पेशी एक विकर बनवते आणि स्वतःजवळचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून टाकते. क्लॅमिडियाला ते मुळापासून बनवता येत नाही. गडाला वेढा घालून रसद तोडावी, तशी ही चाल आहे. पण जननमार्गातल्या क्लॅमिडियाकडे एक चोरवाट असते. इंडोल मिळालं, तर त्यापासून तो ट्रिप्टोफॅन तयार करतो. योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडला, की काही जंतू हेच इंडोल पुरवतात. डोळ्यांत खुपऱ्या करणारे क्लॅमिडियाचे प्रकार मात्र ही क्षमता गमावून बसले आहेत.

नलिकेची हानी बऱ्याच अंशी या लढाईतूनच होते. दाह लांबला, की धावून आलेल्या पांढऱ्या पेशींचे स्राव नलिकेचं नाजूक अस्तर जाळतात, बीज पुढे ढकलणारे सूक्ष्म केस झडतात आणि त्यांच्या जागी व्रण धरतो. म्हणजे प्रतिकार कमी पडला तरी नुकसान आणि आवरता आला नाही तरी नुकसान.

जनुकांमुळे पडणारा फरक प्रयोगशाळेत स्पष्ट दिसतो. उंदरांच्या सी57बीएल/6 आणि सी3एच या दोन जातींना क्लॅमिडियाचा सारखाच डोस दिला, तर पहिली जात संसर्ग लवकर निपटते. दुसरीत तो रेंगाळतो आणि नलिका पाण्याने फुगतात. या तफावतीचा माग काढताना संशोधक अकराव्या गुणसूत्रावरच्या आयआरजीबी10 या जनुकापर्यंत पोहोचले. पण उंदरांमधली या कुळातली बहुतेक जनुकं माणसाकडे नाहीतच, त्यामुळे उंदराचं उत्तर माणसाला जसंच्या तसं लागू पडत नाही.

माणसांचे पुरावे आफ्रिकेतून आले. गांबियातल्या जुळ्यांच्या रक्तपेशी क्लॅमिडियाला कसा प्रतिसाद देतात, हे तपासलं गेलं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, व्यक्तीव्यक्तींतल्या फरकाचा सुमारे 40 टक्के वाटा जनुकांचा होता. मला अधिक बोलका वाटतो तो नैरोबीतल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांवरचा 1996 मधला अभ्यास. व्यवसाय तोच, धोकाही तोच. तरी एचएलए-ए31 हा जनुकप्रकार असलेल्या स्त्रियांमध्ये क्लॅमिडियामुळे ओटीपोटाचा दाह अधिक आढळला. एचएलए जनुकं जंतूचे तुकडे टी-पेशींपुढे मांडण्याचं काम करतात. प्रतिकाराशी संबंधित इंटरल्युकिन-10 आणि टोल-लाइक रिसेप्टर यांच्या जनुकांवरही अभ्यास झाले. पण ते लहान आहेत आणि सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. ‘वंध्यत्वाचं जनुक’ असं बोट दाखवावं असं एकही जनुक सापडलेलं नाही.

दवाखान्यात आज अशी जनुकचाचणी वापरात नाही, आणि तिच्यावाचून अडतही नाही. संसर्ग अँटिबायोटिकने बरा होतो. झालेला व्रण मात्र औषधाने भरून येत नाही. म्हणून वेळेला महत्त्व आहे. आपल्याकडे लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणं पाहून औषधांचं रंगीत किट देण्याची पद्धत रुजली. गर्भाशयमुखातून स्राव होत असेल, तर करड्या किटमधून अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम मिळतं. लक्षणंच नसलेली बाई तिथवर पोहोचणार कशी? तिच्यासाठी न्यूक्लिक अॅसिड चाचणी सहज उपलब्ध व्हायला हवी. आणि तिच्या जोडीदाराचेही उपचार झाले नाहीत, तर लागण पुन्हा होते. ट्यूब बंद निघालेल्या बाईच्या फायलीत नवऱ्याची तपासणी अनेकदा वीर्याच्या रिपोर्टवरच थांबते. त्याच्यात क्लॅमिडिया आहे का, हे पाहायला लघवीचा साधा नमुना पुरतो.