सोनेगावचे आकाश : रात्रीच्या टपालापासून एकसंध नियंत्रणापर्यंत

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर या मराठीभाषक गावांना नियमित विमानसेवेचा जवळचा विमानतळ म्हणजे नागपूरचे सोनेगाव. 1956 पर्यंत त्यांची राजधानीही नागपूरच होती. राज्ये बदलली, पण देशाच्या मध्यावर असल्याने हवाई वाहतुकीतले नागपूरचे स्थान कायम राहिले.

जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपूर्वी परतीच्या वाटेला लागत. चार दिशांची विमाने थोड्या वेळात उतरवणे, उभी करणे आणि पुन्हा सोडणे ही रोजची कसोटी होती. या सेवेने अपघातही पाहिला. 12 डिसेंबर 1953 रोजी एक डकोटा विमान सोनेगावहून उडाल्यावर लगेच कोसळले आणि 13 जणांचा मृत्यू झाला. 1973 मध्ये ही सेवा थांबली.

त्या काळी नियंत्रकापुढे रडारचा पडदा नसे. वैमानिक रेडिओवर आपली जागा, उंची आणि पुढच्या ठिकाणी पोहोचण्याची वेळ सांगे. नियंत्रक ती कागदी पट्टीवर नोंदवून दोन विमानांत उंचीचे किंवा वेळेचे अंतर राखी.

जमिनीवरचा धोकाही तितकाच मोठा असतो. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग 747 विमाने धावपट्टीवरच आदळली आणि 583 माणसे गेली. त्यानंतर रेडिओवरची भाषा काटेकोर झाली. धावपट्टीवर जाण्याची, ती ओलांडण्याची किंवा उड्डाणाची परवानगी वैमानिकाने जशीच्या तशी परत उच्चारायची आणि नियंत्रकाने ती ऐकून पडताळायची. परवानगी नसेल, तर धावपट्टीआधीच्या पिवळ्या रेषांपाशी थांबायचे.

भारताला मोठा धडा मिळाला तो 12 नोव्हेंबर 1996 रोजी. हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची हवेत टक्कर होऊन 349 जणांचा बळी गेला. मग टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली आणि दिल्लीत येणारे व जाणारे मार्ग वेगळे करण्यात आले.

1995 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे देशातील नागरी हवाई वाहतुकीचे नियंत्रण आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार विभागांतील उंचावरच्या आकाशाचे नियंत्रण नागपुरात एकवटण्याच्या ‘ईशान’ प्रकल्पासाठी प्राधिकरणाने 2024 मध्ये पावले टाकली. टपालविमानांच्या काळी या चार शहरांची विमाने इथे भेटत. आता त्यांच्या आकाशाचा कारभार इथून चालवण्याचा विचार आहे.

कागदी पट्टीची जागा पडद्याने घेतली, तरी सुरक्षेचा पाया बदललेला नाही. एका वेळी धावपट्टीवर एकच विमान, दोन विमानांत ठरलेले अंतर आणि स्पष्ट ऐकलेली, परत उच्चारलेली परवानगी यांवरच प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत. नवे केंद्र उभारताना यंत्रांइतकाच खर्च प्रशिक्षित आणि पुरेशी विश्रांती मिळालेल्या नियंत्रकांवर व्हायला हवा.